ऐकणाऱ्याचा वाटा

ध्वनिमुद्रित गप्पा कागदावर उतरवायला बसले की जे ऐकू येते त्यातले काय लिहायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरवावे लागते. कोकणातल्या जुन्या बायकांच्या आठवणी, गावगजाली, सणवारांच्या हकिकती यांची जी संकलने आणि स्मरणिका माझ्या हाती येतात, त्यांत या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ एकमुखाने दिलेले असते. अर्धवट वाक्य पुरे करायचे, दोनदा उच्चारलेला शब्द एकदाच ठेवायचा, मध्येच कुणी ‘हां’ म्हणाले तर ते गाळायचे आणि चौघीजणी एकदम बोलत असतील तर मुख्य बाईचे बोलणे तेवढे सलग लावून घ्यायचे. असे केल्याने मजकूर वाचनीय होतो, याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप इतकाच आहे की या सफाईत सर्वांत आधी बळी जाते ती ऐकणारी, आणि ती गेली की मागे उरतो तो संवाद नसतो, निवेदन असते.

एक लहानसा तुकडा देते. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आलेला असताना, वेंगुर्ल्याकडच्या एका घराच्या खळ्यात तिघी बायका रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडत बसल्या होत्या. साल एकीकडे, बिया दुसरीकडे, आणि रस खालच्या भांड्यात. ध्वनिमुद्रक चालू असल्याचे तिघींना माहीत होते आणि पहिला अर्धा तास त्या त्याच्याकडे बघून जपून बोलल्या. पुढे काम वाढले आणि त्या त्याला विसरल्या. मग त्यांच्या मालवणीत हे आले:

— काल तो... आगो, काल तो झील इल्लो तिचो.
— खंयचो?
— थोरलो गो, मुंबैचो.
— हां, मगे?
— मगे काय, चाय घेतल्यान नी...
— गेलो.
— गेलो! बस म्हटलंय, तर नाय.

स्मरणिकेत हे असे छापले जाईल: ‘काल तिचा मुंबईचा थोरला मुलगा आला होता, बस म्हटले तरी चहा घेऊन लगेच गेला.’ माहिती सगळी आली, वाक्यही सुबक झाले. मात्र खळ्यात तिघी होत्या आणि कागदावर एकच उरली.

आता त्या मोडतोडीकडे जरा जवळून पाहू. पहिल्या बाईने ‘काल तो’ म्हणून वाक्य सोडले आणि ‘आगो’ म्हणून तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून धरले. छापणाऱ्याला ही अडखळ वाटते. मी समोरच बसले होते म्हणून मला दिसले की पहिल्यांदा ती बोलू लागली तेव्हा दुसरीची नजर बियांच्या टोपलीत होती, आणि ‘आगो’ कानी पडताच तिने मान वर केली. चार्ल्स गुडविन या अमेरिकी अभ्यासकाने चित्रफितींवरून नेमके हेच दाखवले होते आणि १९८१ साली ते पुस्तकरूपाने मांडले. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याची नजर मिळालेली नसेल तर तो वाक्य तोडतो किंवा थबकतो, नजर मिळवतो, आणि मग अखंड वाक्य ऐकणाऱ्याच्या हवाली करतो. म्हणजे तुटलेले वाक्य हा बोलणाऱ्याच्या अकलेचा दोष नसून ऐकणाऱ्याला जागे करण्याचा एक उपाय असू शकतो. हातात काम असलेल्या माणसांच्या गप्पांत, म्हणजे काजू सोलताना, जाळे विणताना, सुकी सुंगटे निवडताना, असे पुनरारंभ मला जास्त सापडतात ते बहुधा याचमुळे.

‘खंयचो?’ हा एकच शब्द घ्या. दुसरीला ‘तो’ म्हणजे कोण हे कळलेले नाही, पण ती अंदाज करून चूक सुधारत बसत नाही; अडचण कुठे आहे तेवढे बोट ठेवून दाखवते आणि दुरुस्ती बोलणारीवर सोपवते. शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स या संभाषणाच्या अभ्यासकांनी १९७७ साली लिहिलेल्या एका निबंधाचा मुख्य मुद्दा हाच होता की संभाषणात स्वतःची चूक स्वतःच सुधारायला आधी वाव दिला जातो, आणि ऐकणारा शक्यतो फक्त सूचना देऊन थांबतो. पुढे २०१५ साली जगातल्या १२ भाषांतील घरगुती संवाद तपासणाऱ्या एका गटाला असे आढळले की अशी विचारणा सरासरी दर १.४ मिनिटाला एकदा होते. दीड मिनिटाच्या आत एकदा तरी समोरचा ‘काय?’, ‘कोण?’, ‘खंय?’ असे काहीतरी विचारून बोलण्याची गाडी रुळावर ठेवत असेल, तर त्याला श्रोता म्हणून कोपऱ्यात बसवणे मला तरी पटत नाही.

आणि ‘गेलो’. वाक्याचे क्रियापद तिसरीने पुरवले, आणि पहिलीने ते आपलेसे करून पुन्हा उच्चारले. उतरवलेला मजकूर मी त्यांना नंतर वाचून दाखवला, तेव्हा पहिल्या बाईने ‘आगो’ किंवा ‘मगे काय’ यांबद्दल अवाक्षर काढले नाही. एका ठिकाणी मात्र तिने मला थांबवले: ‘पयलो गेलो मी खंय म्हटलंय? ता हिना म्हटल्यान.’ मी वाचताना आवाज बदलला नव्हता म्हणून पहिला ‘गेलो’ मी तिच्याच तोंडी घातला असा तिचा समज झाला होता. कुणाचा शब्द कुणाच्या नावावर जातो याबद्दल ती बाई आपल्या बहुतेक संपादकांपेक्षा काटेकोर निघाली.

या सगळ्याकडे पाहण्याची दृष्टी ज्यांनी दिली त्यांची सुरुवात भाषाविज्ञानाच्या वर्गात झाली नाही. हार्वे सॅक्स हा समाजशास्त्रज्ञ. १९६३-६४ साली लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात येणाऱ्या दूरध्वनींची मुद्रणे त्याला अभ्यासायला मिळाली. आपले नाव सांगून बोलायला सुरुवात करणाऱ्या कर्मचाऱ्याला समोरचा माणूस ‘ऐकू येत नाही’ असे म्हणतो आणि नाव सांगण्याची ती जागा अशी भरून स्वतःचे नाव सांगण्याचे टाळतो, हे त्याच्या ध्यानात आले. इतकी क्षुल्लक वाटणारी गोष्टही काम करत असते, हा त्याचा आयुष्यभराचा धडा ठरला. आयुष्यही थोडकेच, १९७५ साली मोटार अपघातात तो गेला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांचा होता. ध्वनिफीत पुन्हा पुन्हा ऐकता येते, एवढ्याच कारणासाठी आपण संभाषणाकडे वळलो असे तो सांगत असे.

गेल जेफरसन हिने त्याच्या फिती कागदावर आणल्या. ती नृत्याची पदवीधर आणि पोटापाण्यासाठी टंकलेखनाची कामे केलेली. विराम सेकंदाच्या दशांशांत मोजून कंसात लिहायचा, दोन आवाज एकमेकांवर चढले तर जिथे चढले तिथे चौकोनी कंस उघडायचा, श्वास, हसू, लांबवलेला स्वर, दबका आवाज यांना प्रत्येकी चिन्ह द्यायचे, ही तिची पद्धत आज जगभर वापरतात. प्रथमदर्शनी ते पान भयंकर दिसते. पण शरीराच्या हालचालींची लय टिपायला शिकलेल्या बाईनेच ते करावे, यात मला काहीतरी न्याय्य वाटते.

१९७४ साली सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघांचा निबंध ‘लँग्वेज’ या नियतकालिकात आला. प्रश्न अगदी साधा होता: कुणी सूत्रसंचालक नसताना, आधी काही ठरलेले नसताना, बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे इतक्या सुरळीतपणे कशी जाते? उत्तर असे की वाक्य जिथे संपू शकेल असे ठिकाण ऐकणारा आधीच हेरतो. बोलणाऱ्याने कुणाला नाव घेऊन किंवा प्रश्न विचारून निवडले असेल तर पाळी त्याची. नसेल तर जो आधी तोंड उघडेल त्याची. कुणीच उघडले नाही तर आधीचाच पुढे चालू राहतो. दोन आवाज एकमेकांवर पडतात ते बहुधा याच ठिकाणी, विशेषतः वाक्य पुरे झाल्यावर मागे जोडलेल्या संबोधनावर किंवा ‘नाही का’सारख्या शेपटावर. मालवणी ऐकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. ‘येतलंस मां?’ मधला ‘मां’ आणि ‘इल्लो गो’ मधला ‘गो’ हे क्रियापदानंतर येतात, तोवर अर्थ पुरा झालेला असतो, आणि उत्तर त्या ‘गो’च्या डोक्यावरच येऊन बसते. मुंबईच्या पाहुण्यांना वाटते की इथली माणसे एकमेकांना बोलू देत नाहीत. प्रत्यक्षात कुणाचा एक अर्थवाही शब्दही वाया गेलेला नसतो.

शाळेत शिकवतात की मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. बोलण्यात मात्र ‘झील इल्लो तिचो’ असे क्रियापदामागून कुणाचा, कुठला, कधीचा हे हळूच सरकवले जाते. लिहिताना आपण ते उचलून पुढे नेतो. तरीही क्रियापद, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नकार, हा बराच उशिरा येतो हे खरेच: ‘तो उद्या सकाळच्या गाडयेन येवचो’ इथपर्यंत ऐकून होते आणि मग ‘नाय’ येते. जपानी भाषेतही क्रियापद शेवटी असल्याने पाळी कुठे संपणार हे उशिरा उलगडते, असे हिरोको तानाका हिने १९९९ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे. तरी उत्तराला उशीर होतो असे मुळीच नाही. तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतील प्रश्नोत्तरे मोजली. प्रश्न संपणे आणि उत्तर सुरू होणे यांतले अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाले. सर्वांत चटकन उत्तर जपानीत, सर्वांत सावकाश डॅनिशमध्ये, आणि दोन्ही टोके सरासरीपासून साधारण पाव सेकंदाहून फार दूर नाहीत. त्या दहांत मराठी नव्हती.

या आकड्याचा खरा अर्थ दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवल्यावर कळतो. एखादे चित्र पाहून त्याचे नाव उच्चारायला, म्हणजे एकुलता एक शब्द जुळवायलाही, साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. उत्तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात येत असेल, तर ऐकणारा समोरचे वाक्य चालू असतानाच त्याचा शेवट ओळखून स्वतःचे वाक्य रचू लागलेला असतो. तिसऱ्या बाईने ‘गेलो’ पुरवले ते या आगाऊ चाललेल्या कामाचे उघड झालेले टोक होते. एरवी ते काम मनातल्या मनात होते आणि आपल्याला दिसत नाही. रापणीला दोर ओढायला हात लावलेल्या प्रत्येकाला मासळीत वाटा असतो, मग होडी आणि जाळे कुणाचेही असो. बोलण्यात हा हिशेब आपण कागदावर येताच मोडतो.

बोलींच्या अभ्यासाची परंपराही याला अपवाद नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, तेव्हा नमुना म्हणून प्रत्येक बोलीत बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट सांगवून घेतली होती. सर्वांना एकच मजकूर दिल्याने बोलींची तुलना सोपी झाली आणि त्या काळी दुसरा मार्गही फारसा नव्हता. भाषाभ्यासक घाटगे यांनी १९६०च्या दशकात कुडाळी बोलीचे जे वर्णन केले ते व्याकरण म्हणून आजही उपयोगी पडते. अलीकडे डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींची ध्वनिमुद्रणे जमवून सर्वांसाठी खुली केली, हे तर मोठेच काम झाले. पण गोष्ट सांगणे, शब्द सांगणे, वाक्याचे आपल्या बोलीत रूप सांगणे, या सर्वांत समोरचा माणूस वही घेऊन बसलेला परका असतो. तो ‘मगे?’ म्हणत नाही.

इथे कुणी म्हणेल की मुद्दा उत्स्फूर्ततेचा आहे. तसे नाही. आमच्याकडच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, कोण कुठला राजा ते ठरते, आणि संवाद रंगभूमीवर उभ्याउभ्या रचले जातात. इतके उत्स्फूर्त बोलणे दुसरीकडे सापडायचे नाही. तरीही राजाची वाक्ये पल्लेदार आणि पूर्ण असतात, समोरचा राजा ती संपेपर्यंत थांबतो, आणि भाषाही प्रमाण मराठीकडे झुकलेली असते. याचे कारण असे की ते वाक्य समोरच्या राजासाठी नसतेच, बाकड्यावर बसलेल्या गावासाठी असते. शंकासुर हा विनोदी असुर आला की बोली मालवणी होते, वाक्ये तुटू लागतात, प्रेक्षकांतून कुणी काही म्हणाले तर तो त्यालाही उत्तर देतो. नट तितकेच पट्टीचे असतात. बदललेली असते ती ऐकणाऱ्याची भूमिका.

ऐकणाऱ्याचा वाटा ओळखणे कोकणाला नवे नाही. गाऱ्हाणे घाला असे म्हटल्यावर मानकरी एकेक मागणे देवापुढे ठेवतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. गाऱ्हाणी छापणारा कुणीही संपादक तो ‘व्हय म्हाराजा’ पुनरुक्ती म्हणून काढून टाकणार नाही, कारण तो काढला तर ते गावाचे गाऱ्हाणे न राहता एका माणसाचा अर्ज होईल हे त्याला कळते. गोष्ट सांगणारी आजीसुद्धा हुंकार थांबला की गोष्ट थांबवते. मुले झोपली असे समजते. अशा ‘हं’, ‘हां’ प्रतिसादांकडे व्हिक्टर इंग्वे याने १९७० साली अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि बोलणाऱ्याची पाळी न हिरावता दिलेल्या या संदेशांना नावही दिले. देवळात जो प्रतिसाद आपण जपतो तो खळ्यातून आला की कचरा कसा ठरतो, हे मला आजवर कुणी समजावून दिलेले नाही.

‘अं’, ‘म्हणजे’, ‘ता काय म्हणतत तेका’ या भरणीच्या शब्दांविषयी लोक सर्वाधिक चिडतात, पण माझ्या मते त्यांत वादाला फारशी जागा नाही. पाळी अजून माझीच आहे, शब्द शोधते आहे, जरा थांबा, असे ते सांगतात. सभेत लिहिलेले भाषण वाचणाऱ्याला त्यांची गरज नसते कारण त्याची पाळी कुणी घेणार नसते. ‘आं?’ची गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. न कळल्यावर तोंडातून निघणारा हा एकाक्षरी प्रश्न परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतही जवळजवळ सारखाच आढळतो, असे मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले, आणि आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिला जाणारा इग नोबेल त्यांना २०१५ साली मिळाला.

विरामाचे प्रकरण याहून नाजूक आहे. होकार लगेच येतो. नकार थांबून, वळसा घेऊन येतो. ‘उद्या कवळां काढूक येतलंस मां?’ असे विचारल्यावर समोरून अर्धा सेकंद काहीच आले नाही की विचारणारी स्वतःच म्हणते, ‘तुका काम असात तर ऱ्हवांदे.’ नकार उच्चारला गेला नाही, पण दिला गेला आणि घेतलाही गेला. साफ केलेल्या मजकुरात इथे फक्त एक प्रश्न आणि त्याच बाईने विनाकारण घेतलेली माघार दिसेल.

याच कारणाने दूरध्वनीवरचा विलंब माणसांत विनाकारण तेढ आणतो. घाटाखालच्या वाड्यांत नेटवर्कसाठी सड्यावर जावे लागते. तिथे उभी राहून आई मुंबईच्या मुलाला विचारते, ‘चवथीक येतलंस मां?’, आणि त्याचा तत्पर ‘व्हय’ यंत्रणेत रेंगाळून तिच्या कानी उशिरा पोहोचतो. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे म्हटले आहे, आणि वर सांगितलेल्या २०० मिलिसेकंदांशी ताडून पाहिले की ही मर्यादा किती मोजूनमापून घातली आहे ते पटते. विराम लांबला की त्यामागून आलेला होकारही नाखुशीचा वाटतो, हे प्रयोगांतही दिसले आहे. घरी परतताना ती शेजारणीला सांगते की झील ‘व्हय’ म्हणालो खरो, पण मनातून नाय.

माझ्यापुरती मी आता दोन प्रती करते. एक वाचनाची, जिच्यात वाक्ये बरीचशी पुरी केलेली असतात पण प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी राहते आणि ‘मगे?’ जागच्या जागी असतो. दुसरी पूर्ण, जेफरसनच्या चिन्हांची. देवनागरीत ती चिन्हे बसवताना अडचणी येतात: लांबवलेल्या स्वरासाठीचे द्विबिंदू विसर्गासारखे दिसतात, म्हणून मी त्याजागी स्वरच पुन्हा लिहिते, शब्दाच्या मध्यावर आवाज चढला तर चौकोनी कंस जोडाक्षर फोडतो, म्हणून तो अक्षराच्या अलीकडे सरकवावा लागतो. काम संथ होते. मिनिटभराच्या मुद्रणाला कधी सबंध सकाळ जाते. आपोआप लिहून देणारी संगणकीय साधने वापरून पाहिली, पण ती ‘अं’ आणि ‘हां’ स्वतःहून गाळतात आणि चढलेल्या दोन आवाजांतला एकच निवडतात, म्हणजे स्मरणिकेच्या संपादकाचेच काम जलद करतात. पूर्वी संमतिपत्रावर मुलाखत देणाऱ्या एकाच बाईची सही घेण्याची पद्धत होती. रातांब्यांच्या त्या मुद्रणाच्या पत्रावर तिघींच्या सह्या आहेत, आणि तिसरीने सही करताना विचारले की मी काय बोलले होते ते मला एकदा दाखव. तिच्या ओळी मोजल्या तर सात मिनिटांत नऊच होत्या, त्यांतल्या सहा एका शब्दाच्या.